आधी शाल, मग पराक्रम

आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये कुणी मनातलं बोलत नाही. बोलायचंच झालं तर आधी बघून घ्यायचं, फणसे काका आत नाहीत ना. कारण तुम्ही सहज जरी म्हणालात की, "साखर सोडणार बाई मी आता," तर येत्या रविवारी सकाळी फणसे काका शाल, नारळ आणि दोन-चार साक्षीदार घेऊन तुमच्या दारात हजर. तुमचा जाहीर सत्कार! साखर सोडल्याबद्दल नाही हं, सोडणार असल्याबद्दल.

माझं हेच झालं. "उद्यापासून रोज सकाळी चालायला जाणार," असं मी लिफ्टमध्ये फोनवर बहिणीला म्हटलं. कोपऱ्यात काका दुधाची पिशवी घेऊन उभे होते, माझं लक्षच नाही. रविवारी केसांना तेल थापून बसले होते, तर बेल वाजली. दारात काका, मागे सेक्रेटरी, वॉचमन आणि वरच्या मजल्यावरच्या दोघी. मी तेलकट डोक्याने शाल पांघरून उभी आणि काकांचं भाषण चालू. "मंजिरीताईंनी ज्या जिद्दीने पहाटेचं चालणं सुरू करायचं ठरवलंय, त्याला डोंबिवलीत तोड नाही!" टाळ्या. दुसऱ्या दिवशी गजर बंद करून मी परत आडवी झाले, तर इंटरकॉम वाजला. वॉचमन विचारत होता, "मॅडम, आज नाही का?" गेले झक्कत. तेव्हापासून जातेय.

काकांनी सगळी नोकरी इथल्याच एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली. पण त्यांचा खरा जीव निरोपसमारंभात. कुणी रिटायर होणार म्हटलं की शाल आणायला कल्याणच्या बाजारात हेच पळायचे. शाली आणता आणता त्यांच्या डोक्यात किडा शिरला. "अगं, माणूस आयुष्यभर राबतो, सगळं करून चुकतो आणि मग आपण त्याला शाल घालतो. काय करायचीय त्याला? गुडघ्यावर घेऊन बसायचंय? घालायची तर आधी घाला ना! शाल अंगावर पडली की माणूस पळत नाही." हे शेवटचं वाक्य ते कुठेही म्हणतात, लग्नातही.

आणि लागू पडतं हो! आमची बिल्डिंग ज्यांच्या शेतावर उभी राहिली ते बाळाराम पाटील. तंबाखूशिवाय त्यांचं तोंड मी पाहिलं नव्हतं. एकदा गणपतीत भावनेच्या भरात "सोडीन" म्हणून गेले, काकांनी लगेच सत्कार उरकला. नंतर नाक्यावरचा टपरीवालाच त्यांना पुडी देईना. "काका, मना पार अडकवलात तुम्ही!" म्हणून पाटील गेटवर केवढे भांडले. पण सोडली.

सावंतांचं मात्र फसलं. पोहायला शिकणार होते, तलावाच्या काठावरून घरी आले. काकांचा नियमच होता, काम झालं तर शाल तुमची, नाही झालं तर परत. बिचारे सावंत शाल धुऊन, इस्त्री करून परत द्यायला गेले. काकांनी त्यांना चहा पाजला, शाल ठेवून घेतली आणि पुढच्या रविवारी तीच शाल घेऊन पुन्हा सावंतांच्या दारात. "पहिल्यांदा घाबरला म्हणून काय झालं?" सावंत तेव्हापासून जिन्याने जातात, ही गोष्ट वेगळी.

या सगळ्या उपद्व्यापात तबक लावून द्यायचं काम निर्मलाकाकूंचं. "ह्यांना कुणी तरी आवरा गं," म्हणायच्या आणि नारळाला हळदकुंकू लावायच्या. गेल्या वर्षी काकूंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. व्यायाम शिकवायला एक मुलगी घरी यायला लागली. महिने गेले, तशा काकू भिंत धरून घरातल्या घरात हिंडायला लागल्या. पण उंबरठ्याशी आल्या की थांबायच्या. बाहेर पाऊल टाकायचा धीरच होत नव्हता त्यांना.

एकदा मी बसायला गेले, तर काकूंनी पिशवीतली गवार माझ्यापुढे ओतली. "बघ," त्या एकेक शब्द जोडत म्हणाल्या, "दोरखंड आहेत नुसते. परवा ह्यांनी काकडी आणली, ती कडू. मला... गेटपर्यंत जायचंय. गाडीवरची भाजी मी घेणार." काकू चेष्टा करत नव्हत्या. आपल्या घरात आपल्या हाताने निवडलेलं काही शिजत नाही, हे त्यांना आतून खात होतं.

मी खूश! काकांच्या कानावर घातलं आणि म्हटलं, रविवारी इथे सत्कार. रविवार आला आणि गेला. काका म्हणे, शाल धुवायला टाकलीय. पुढच्या रविवारी त्यांना चांगला नारळ मिळाला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी ते चक्क टिटवाळ्याला भाच्याकडे निघून गेले. काकू संतापल्या. "सगळ्या बिल्डिंगचा केला," मला म्हणाल्या, "माझ्यावर... भरवसा नाही ह्यांचा." आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. त्या आठवड्यात त्यांनी व्यायामाच्या मुलीलाही परत पाठवलं.

माझं डोकं फिरलं. काकांना पार्किंगमध्ये गाठलं आणि झापलंच. "काका, लाज वाटत नाही? माझ्यासारख्या आळशी बाईला शाल घालता आणि काकूंच्या वेळी नारळ मिळत नाही तुम्हाला?"

काका बाजूच्या स्कूटरवरची धूळ बोटाने पुसत म्हणाले, "सावंत पोहला नाही, काय बिघडलं? आपण हसलो, विषय संपला. हिचं नाही झालं तर ही शाल परत देईल गं मला. घडी घालून देईल, तिचा स्वभाव आहे तो. मला नाही घेववणार मंजिरी, तिच्या हातून." आणि हा चारचौघांत तासभर बोलणारा माणूस तिथेच पाठ फिरवून रडायला लागला. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. काकू आजारी पडल्यापासून काकांना कुणी "तुम्ही कसे आहात" असं विचारलेलं मला आठवेना. मीही विचारलं नव्हतं.

शेवटी काका कसेबसे हो म्हणाले आणि रविवारी तबक मी लावलं. काकांच्या घरात माणसं मावेनात. पाटील आले, सावंतसुद्धा आले. काकूंनी निळी साडी नेसली होती. काकांनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली, ती दोनदा घसरली. "भाषण, भाषण!" पाटील ओरडले. काका म्हणाले, "निर्मला गेटपर्यंत..." आणि पुढे काही बोलताच येईना त्यांना. काकूंनी डाव्या हाताने त्यांचा सदरा धरून त्यांना खाली बसवलं आणि म्हणाल्या, "जाणार." भाषण तेवढंच.

पुढे बरेच दिवस जिन्यासमोरच्या पॅसेजमध्ये काठीचा आवाज यायचा. कधी रागाने आपटल्याचाही यायचा. आणि एका सकाळी मी गेटवर रिक्षाची वाट बघत होते, तर लिफ्टचं दार उघडलं आणि काकू बाहेर आल्या. काठी, पाऊल, थांबा. काठी, पाऊल, थांबा. मागे काका, दोन्ही हात पसरून, पण काकूंना कुठेही न लावता. वॉचमन उठून उभा राहिला. माझ्यासमोर रिक्षा येऊन थांबली, मी नको म्हणून सांगितलं.

काकू भाजीच्या गाडीपाशी पोचल्या. घामाने डबडबल्या होत्या. काठी गाडीला टेकवली, मेथीची जुडी डाव्या हाताने उचलली, उलटी करून देठ पाहिले आणि परत ठेवली.

"शिळी आहे."

"काकू, आजचीच आहे हो!" भाजीवाला कळवळला.

"शिळी आहे," काकू म्हणाल्या. "उद्या येईन मी."

आणि काठी घेऊन, वळून चालायला लागल्या. काका जागचे हललेच नाहीत. त्यांचे हात अजून तसेच पसरलेले, डोळ्यांतलं पाणी गालावर आलेलं, आणि ते मला, वॉचमनला, त्या भाजीवाल्याला, सगळ्यांना विचारत होते, "ऐकलंत ना? उद्या येईन म्हणाली. ऐकलंत ना?"