क्षमाताईंची नजर

क्षमाताईंच्या सांगलीतल्या पाळणाघरात कामाला असलेली अंकिता यात्रेसाठी आठ दिवस औंधला गेली आणि बदली म्हणून माधवनगरच्या राहीबाई आल्या. ताईंना वाटलं, सुटले.

पहिल्याच दुपारी चार वर्षांच्या पुष्करनं वरणभात चाटूनपुसून खाल्ला. "किती गुणाचं बाळ ते! बघा रे, कसा सगळं जेवतो," ताई म्हणाल्या. कौतुकानं मूल फुलतं, हे त्या बालसंगोपनाच्या वर्गात शिकल्या होत्या. तासाभरात पुष्कर भडाभडा ओकला.

"तरी म्हनलं. तुमची नजर लागली त्याला," राहीबाई म्हणाल्या.

"माझी? आणि जेवणावर तुम्ही त्याला तीन लाडू चारलेत, त्याचं काय?"

"लाडवानं कुनी वकतं व्हय? आवं ताई, तुमची नजर लय कडक हाय. लेकराच्या तोंडावर इतकं ग्वाड बोलत्यात का कवा?"

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याहून संतापजनक म्हणजे, संध्याकाळी राहीबाईंनी फाटकाशी उभं राहून हेच प्रत्येक आईच्या कानावर घातलं.

दुसऱ्या दिवशी झाडून सगळी मुलं गालावर काजळाची तीट लावून आली. धैर्यशीलचे बाबा कुपवाडच्या कारखान्यात इंजिनिअर, पण त्याच्याही पायात काळा दोरा. "माझा विश्वास नाही हो," ते मान खाली घालून म्हणाले, "गावाहून आईचा फोन आला."

पुष्करची आई राजेश्वरी तर आणखी पुढं गेली. "ताई, राग मानू नका. मुलं जेवताना तुम्ही आत बसाल का? नाहीतर सासूबाई म्हणतात, पुष्करला दुसरीकडं ठेवू."

एक मूल गेलं की बाकीची मागोमाग जाणार, आणि इतक्या वर्षांचं पाळणाघर बंद पडणार. म्हणून ताई स्वतःच्याच घरात, स्वयंपाकघराचं दार लावून मटार सोलत बसल्या. बाहेरून राहीबाईंचा आवाज आला, "गप जेवा रं, न्हाईतर ताई येऊन बघतील." भराभर घास गिळले जाऊ लागले. ताईंच्या डोळ्यांत संतापानं पाणी आलं.

आठवड्यानं अंकिता परतली, राहीबाई गेल्या, पण ताईंची कीर्ती मागं राहिली. त्याच दिवशी अश्लेषा नावाची नवी आई बाळ घेऊन चौकशीला आली. बाळ इतकं गोजिरवाणं की ताईंच्या ओठांवर कौतुक आलंच होतं. तेवढ्यात दारातून टक लावून पाहणारी राजेश्वरी त्यांना दिसली आणि आठवडाभराचा राग उसळून वर आला.

"काय हे ध्यान! नाक बसकं, डोक्यावर चार केस. आणि रडकं दिसतंय."

अश्लेषाचा चेहरा उजळला. "उद्यापासून आणते, ताई. बाकी ठिकाणी नुसतं गोड गोड बोलतात हो. भीतीच वाटते."

राजेश्वरी पुढं झाली. "ताई, आमच्या पुष्करलाही असे दोन शब्द बोला ना."

ताईंनी पदर खोचला. पुष्करच्या आईविषयीच बोलण्यासारखं त्यांच्याकडं बरंच साठलं होतं, पण सुरुवात त्यांनी पुष्करपासून केली.