अप्पांना ऐकू येणारा आवाज

ग्राइम सगळ्यांना आवडू लागलं, त्या वर्षी अवधूत म्हेत्रेचा आवाज इचलकरंजीतलं घर सोडून पुण्याला राहायला गेला.

सकाळची वेळ होती. अवधूतने चहा मागायला तोंड उघडलं आणि काहीच बाहेर आलं नाही. आवाज दाराशी उभा होता. सामान असं काही नव्हतंच.

"आई, निघतो," आवाज म्हणाला. "गाडी आलीय."

सुवर्णाबाईंनी आधी मुलाच्या उघड्या तोंडाकडे पाहिलं, मग दाराकडे. "दोन घास खाऊन तरी जा," त्या म्हणाल्या. पण आवाजाचा दुपारी कार्यक्रम होता, आणि तेलकट त्याला वर्ज्य झालं होतं.

ग्राइम हे लंडनच्या गरीब वस्त्यांतल्या पोरांचं गाणं. गाणं म्हणजे बोलणंच, पण भरधाव, दातओठ खात केलेलं. अवधूतचा मित्र तौफिक मोमीन याने ते फोनवर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो म्हणाला, "हे तर आपला माग चालल्यागत वाजतंय की." तौफिकच्या मामाच्या शेडमध्ये यंत्रमाग होते. त्यांच्या खडखडाटावर अवधूत बोलायला लागला. रंगाच्या पाण्याने काळा पडलेला ओढा, सुताच्या कांड्या भरून वाकडी झालेली आईची बोटं, मागावर उभ्या उभ्या झोपणारी माणसं, असं सगळं त्यात यायचं. शेजारी म्हणायचे, पोरगं भांडतंय कुणाशी तरी.

अवधूतचे वडील इराप्पा, म्हणजे अप्पा. उभं आयुष्य मागावर काढल्यामुळे त्यांचे कान गेले होते. ट्रकचा हॉर्न, देवळातली घंटा, बायकोची हाक, काही कळत नसे. एकदा ते शेडमागच्या सावलीत बसले होते, ते एकदम उठून आत आले.

"कोण बोलाय लागलंय रं?" त्यांनी विचारलं.

मागाच्या वेगाने आलेलं बोलणं त्यांच्या कानात शिरत होतं. बाकीचं बाहेरच राहत होतं. त्या दिवसापासून अप्पांशी जे बोलायचं ते अवधूत ग्राइममध्येच बोलू लागला.

"अप्पा उठा, पाणी तापलं, टॉवेल घ्या, साबण संपला, धाकटी आत्या जत्रंला येत्या, जावई तिचा रुसून बसला!"

"कशापायी रुसला?" अप्पा विचारायचे, आणि अवधूत श्वास न घेता जावयाचं सगळं प्रकरण सांगायचा. अप्पा मांडीवर थाप मारून हसायचे. कित्येक वर्षांच्या बातम्या साचल्या होत्या. कोण गेलं, कोणाचं लग्न झालं, कोणत्या भावाने जमीन विकली, सगळं त्यांनी नव्याने ऐकलं. मेलेल्या माणसांसाठी ते नव्याने रडलेसुद्धा.

मग ग्राइम पसरलं. आधी कॉलेजांत, मग पुण्या-मुंबईच्या मोठ्या सभागृहांत, मग हळदीत आणि बारशांत. एका शहरातल्या कचऱ्याच्या गाड्या ओला कचरा, सुका कचरा ग्राइममध्ये समजावू लागल्या. एका सोसायटीने गणपतीत ज्येष्ठ नागरिकांसाठी ग्राइम स्पर्धा ठेवली आणि बक्षीस म्हणून प्रेशर कुकर दिला. सगळ्यांना अवधूतचा आवाज हवा होता. अवधूतची मात्र थोडी अडचण व्हायची. तो स्टेजवर उभा राहिला की मागची फुलांची सजावट झाकली जायची. आयोजकांनी त्याला विंगेत थांबायला सांगितलं, नंतर घरीच थांबायला सांगितलं. आवाज एकटा जाऊन येऊ लागला.

"माझं काय एवढं," अवधूत तेव्हा तौफिकला म्हणाला होता. "गाणं पोचतंय नव्हं."

आवाज पुण्याला राहायला गेल्यावर घरात खुणा सुरू झाल्या. शेडमध्ये खडखडाटामुळे कोणालाच ऐकू येत नाही, म्हणून कामगार हातांनी बोलतात. अप्पांना ती भाषा पाठ होती. पण त्या भाषेत होतं किती? धागा तुटला. माग थांबव. चहा आला. शेठ आला. अवधूत बापासमोर बसून धागा तुटल्याची खूण करायचा. अप्पा इकडेतिकडे धागा शोधायचे.

एके दिवशी अप्पांनी त्याचा हात धरला. "का रं, बोलंनास का माझ्यासंगं? माझं काय चुकलं का?"

अवधूतने नकारार्थी मान हलवली, जोरात हलवली, पुन्हा हलवली. मग तो उठून तौफिककडे गेला आणि दोघांनी पुण्याची बस धरली.

आवाज एका उंच इमारतीत राहत होता. त्याचं काम पाहणाऱ्या श्वेता दातार यांनी त्यांना कोचावर बसवलं. "आवाजसरांचं या महिन्याचं वेळापत्रक भरलेलं आहे," त्या म्हणाल्या. "आपण त्यांचे कोण?"

तौफिकने अवधूतकडे बोट दाखवलं. "ह्यो त्यांचा गळा हाय."

"अच्छा," श्वेताबाई म्हणाल्या आणि पाणी आणायला सांगितलं.

आवाज बाहेर आला तेव्हा त्याने अवधूतची आपुलकीने चौकशी केली. तो आता स्वच्छ, गोड आणि सावकाश बोलत होता. "वेग थोडा कमी केलाय," तो म्हणाला. "लोकांना शब्द नीट कळावेत म्हणून. आणि ओढ्याचं कडवं काढलंय. जेवणाच्या कार्यक्रमात ते बरं वाटत नाही."

तौफिकने अप्पांचं सांगितलं. आवाजाने वेळापत्रक मागवून पाहिलं. "उद्या रविवार आहे, येतो," तो म्हणाला. "तुमच्याबरोबरच, बसने येतो."

रविवारी तिघे बसने निघाले. कंडक्टरने आवाजाचं तिकीट काढलं नाही, मात्र आवाजासाठी सीट अडवता येणार नाही असं बजावलं. आवाज सांगलीपर्यंत उभा राहून आला.

घरी सुवर्णाबाईंनी चौथं ताट मांडलं होतं. आवाज अप्पांसमोर बसला.

"अप्पा, कसे आहात? तब्येत बरी आहे ना?"

अप्पा भाकरी मोडत राहिले.

"जरा जोरात," सुवर्णाबाई म्हणाल्या.

"जोराचा प्रश्न न्हाई, काकू," तौफिक म्हणाला. "जलद पायजे."

आवाजाने जलद बोलून पाहिलं. शब्द एकमेकांवर पडू लागले, आणि तो धापा टाकत थांबला. तेव्हा तौफिक सगळ्यांना मामाच्या शेडमध्ये घेऊन गेला आणि त्याने माग सुरू केला. अप्पा ताठ बसले. आवाजाने सुरुवात केली. मागातला धाग्याचा धोटा इकडून तिकडे जाऊन परत यायचा, तोवर आवाज अजून पहिल्याच शब्दावर असायचा. दाराशी गल्लीतली माणसं जमली होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि बारशाचं गाणं म्हणायची फर्माईश केली.

अप्पांनी अवधूतच्या खांद्यावर हात ठेवला. "माग चांगला चाललाय," ते म्हणाले. "का बोलावलं मला हितं?"

आवाज अवधूतजवळ आला. "मी राहू का इथे?" त्याने विचारलं. "म्हणशील तर राहतो. पण मला आता असंच बोलता येतं."

अवधूतला होय म्हणायचं होतं. गोड का होईना, बोलता आलं असतं. आईशी, तौफिकशी, दुकानदाराशी. पण बापासमोर बसून जगाशी गोड बोलायचं आणि बापाने ओठ पाहत राहायचं, हे त्याच्या मनाला पटेना. त्याने आवाजाला खूण केली: माग चालू ठेव, म्हणजे तू तुझं काम कर. आवाज खाली मान घालून गेला, असं सुवर्णाबाई सांगतात.

पुढच्या महिन्यात अवधूतने अप्पांना कोल्हापूरला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की कान आता सुधारणार नाहीत, उलट जे थोडं उरलंय तेही हळूहळू जाईल. अप्पा शेजारच्या स्टुलावर बसून भिंतीवरचं कानाचं चित्र पाहत होते.

परत येताना बसमध्ये अप्पांनी समोरच्या दांडीवर बोटांनी ठेका धरला. मग ते स्वतःच बोलायला लागले, मागाच्या वेगाने, अडखळत, दोघांच्याही वाटचं.

"काय म्हणला डॉक्टर, सांग की लेका, कान माझं बरं हुतील का? हुतील अप्पा, हुतील म्हणला, गोळ्या घ्या अन् गप्प झोपा!"

स्वतःचं बोलणं त्यांना स्पष्ट ऐकू येत होतं. ते खूश झाले. पुढच्या सीटवरच्या बाईने मागे वळून पाहिलं आणि मोबाइल काढून ते रेकॉर्ड करायला सुरुवात केली.

"असंच म्हणला नव्हं?" अप्पांनी विचारलं.

अवधूतने होकारार्थी मान हलवली.