मोडेमाचे तारेने भाऊंची बाजी मांडिली गेली, त्याची हकिकत

मुरुड कसबियात नारळीचे वाडीचे धनी, राजमान्य राजेश्री भाऊ, पेन्शनर, बुद्धिबळाचे कामी महाप्रतापी, यांणी संगणकास संगणक कैसा जोडिला, तो मजकूर पुढिलांस कळावा म्हणोन लिहिला असे.

भाऊंचे शेजारी रफिकमियां मस्कतेस चाकरीस. वर्षाकाठी रजेवर येत आणि मग रोज भाऊंशी पटावर झुंजत. भाऊ वर्षभर त्याच दिवसांकडे डोळे लावोन बसत. ऐसीयास यंदा रफिकमियांस येताच कांजिण्या जाहल्या, आणि भाऊंस त्या जन्मात आल्या नव्हत्या, सबब मियांच्या कबिला सकिनाबी यांणी कुंपण ओलांडण्यास उभयतांस सक्त मनाई फर्माविली. टेलिफोन तो अवघे आळीचे महिन्यापासोन बंद. ओरडोन चाली सांगाव्या, तर अवघी आळी सल्ला देऊ लागली. आणि रजा तो सरत चालली. भाऊंस अन्न गोड लागेना.

मग मसलत जाहली. संगणक दोहीं घरी होते, परंतु नेटवर्क कार्डे मुंबईहून येईतो मियां मस्कतेस पोहोचते. मोडेम मात्र उभयतांपाशी, इंटरनेटाकारणे घेतलेले. तेव्हा टेलिफोनची तार आणोन, माडामाडांस बांधोन, या मोडेमापासोन त्या मोडेमापावेतो नेली, आणि काहीच घडेना. तपास करिता तारेवर सकिनाबींचे बोंबील वाळत आढळले. तोहमत बोंबिलांवर आली, ते उतरविले, आणि मोडेम तरी मुकेच. भाऊंनी हाय खाल्ली.

अखेर सकिनाबींनी कुंपणाशी येऊन पुसिले की, हाक कोणी मारिली? मियां खिडकीतोन वदले, वडील माणसास आपण कैसी हाक मारावी, सबब मोडेमास फक्त उचलण्याचा हुकूम दिधला. भाऊ वदले, आजारी माणसास आपण होऊन कैसे उठवावे, सबब आपलाही हुकूम तोच.

"दोघं पन कान लावून बसलाव, मग बोलनार कोन?" सकिनाबी म्हणाल्या. "भाऊ, तुमी मारा हाक."

मग भाऊंनी, घरच्या तारेवर डायल टोन येणार कोठोन, सबब त्याची वाट न पाहता हाक मारणे, ऐसा हुकूम मोडेमास सोडिला, आणि मोडेम किंचाळले, खरखरले आणि जोडले गेले. पडद्यावर अक्षरे उमटली की, भाऊ, खाजेने जीव गेला, आता लौकर चाल करावी. भाऊंचे डोळे भरोन आले आणि त्यांणी राजापुढील प्यादे सरकविले.

तिसरे प्रहरी भाऊंचा वजीर पडला, दिवेलागणीस राजाही पडला. तरी भाऊंनी आळीत साखर वाटविली. लोकांनी पुसिले की, हरलेत तुम्ही, मग फत्ते ती कसली?

"रफिक उद्या परत बसतो म्हणालाय," भाऊ म्हणाले.

येणेप्रमाणे भाऊंची फत्ते जाहली, हे दप्तरी दाखल केले असे.