नारळाआधीची टेस्ट

आमचे कदमसर ऑटोत बसण्याआधी ड्रायव्हरला ब्रेक दाबून दाखवायला लावतात.

"साब, गाडी तो खडीच है," सुलतान बाजारातला एक ऑटोवाला वैतागून म्हणाला.

"खडी है. खडी रहती क्या, वो देखना है."

ऑटोवाला निघून गेला. बरकतपुऱ्यापर्यंत आम्ही पायी.

ऑफिसातही त्यांचं एकच पालुपद: "चालतं म्हणू नकोस, चालवून दाखव." उदारीकरणानं हैदराबादेत काचेच्या इमारती आणल्या, पण आमची कामाची रीत जुनीच राहिली. आम्ही विद्यार्थी वसतिगृहांच्या प्रवेशअर्जाची वेबसाइट बनवत होतो. नवी आवृत्ती सोडायच्या सकाळी सगळ्यांनी हातानं चार बटणं दाबायची आणि मॅनेजर रेड्डींनी स्क्रीनसमोर नारळ फोडायचा. दुपारपर्यंत कालपर्यंत चालणारं काहीतरी बंद पडलेलं असायचं. मी वडिलांची पुरोगामी चळवळीतली पत्रकं वाचत वाढलेली. विवेकावर मी तावातावानं भाषण द्यायचे. कदमसर भाषण देत नसत. ते टेस्ट लिहीत.

टेस्ट म्हणजे वेबसाइटचा एकेक तुकडा आपोआप तपासणारा छोटा प्रोग्राम. कुणीही कोड बदलला की सगळ्या टेस्ट धावणार. बरोबर असेल तर हिरवी ओळ, बिघडलं तर लाल, आणि लाल असताना वेबसाइट पुढे जाणारच नाही. ही सगळी मांडणी सरांनी एकट्यानं केली. टेस्ट हिरवी झाली तरी त्यांना चैन नसे. मुद्दाम कोड बिघडवून ती लाल होते का ते बघत, मगच चहा पीत.

रेड्डींनी बजावलं होतं, "कदमगारू, टेस्टमुळे एकदा जरी उशीर झाला, तर सगळ्या काढून टाकेन."

तो दिवस आलाच. रेड्डींनी नारळ उचलला आणि स्क्रीनवर लाल ओळ उमटली: 'वडिलांचं नाव नसलेला अर्ज स्वीकारला पाहिजे.' सकाळीच कुणीतरी तो रकाना सक्तीचा केला होता.

"ही एक टेस्ट काढा जी. बापाचं नाव कोण रिकामं सोडतं?"

"मी सोडलं होतं," कदमसर म्हणाले.

रेड्डींचा हात तसाच वर राहिला.

"परभणीच्या वसतिगृहात. कारकुनानं अर्ज परत केला. आई म्हणाली, खोटं नाव लिहायचं नाही. वर्ष वाया गेलं माझं."

माझ्याकडे या विषयावर तीन पत्रकांचा मजकूर तयार होता. तो तसाच ठेवून मी सकाळी बदललेली कोडची ओळ शोधू लागले.

रेड्डींनी नारळ खाली ठेवला. "सक्ती काढा. तोवर काही सोडायचं नाही."

सक्ती निघाली. टेस्ट पुन्हा धावल्या आणि वरपासून खालपर्यंत हिरव्या ओळी उमटत गेल्या. सगळं ऑफिस टेबलं बडवू लागलं. मीही बडवलं, अगदी निवडणूक जिंकल्यासारखं. "आजपासून टेस्ट आधी, नारळ नंतर," रेड्डींनी जाहीर केलं आणि सगळ्यांना बिर्याणी खायला निघायला सांगितलं.

कदमसर उठले नाहीत.

"चला ना सर, जिंकलात तुम्ही."

"व्हा तुम्ही पुढे," स्क्रीनवरची नजर न काढता ते म्हणाले. "मला निदान आई तरी होती. ज्याला तीही नाही, त्याच्या अर्जाची टेस्ट राहिलीय."