दुष्ट बाप होण्यास हरकत नाही

ज्याच्या घरात कोणी कोणाचा छळ केलेला नाही, त्याच्याकडे सांगण्यासारखी गोष्ट नसते, हे तत्त्व ब्रिटिश टेलिव्हिजनने फार पूर्वीच मान्य केलेले आहे. त्यामुळे मिरजेच्या मुबश्शिरा पटवेगारची तिथली कारकीर्द पहिली बारा वर्षे अत्यंत सुरळीत, म्हणजे परक्यांचे छळ लिहिण्यात गेली. इस्पितळाच्या एका मालिकेचे तिने एकशे चाळीस भाग लिहिले, त्यांत दोनशे सहा रुग्ण मारले आणि एकाला वाचवले. (त्या नटाचा करार संपलेला नव्हता.)

ही कामगिरी पाहून लीड्सच्या निर्मात्या बाईंनी तिला स्वतःची मालिका दिली. विषय असा, की मिरजेतली एक मुलगी लेखिका होते. मुबश्शिराने महिन्याभरात मसुदा पाठवला. त्यात तानपुरे बनवणारा बाप भोपळा घासता घासता मुलीच्या गोष्टी ऐकतो आणि गोष्ट फसली की घासणारा हात थांबवतो. हे सगळं जसंच्या तसं घडलेलं होतं.

बाईंचा शेरा आला. बाप आवडला. फारच आवडला. फक्त खरा वाटत नाही. तो तिला लिहू का देतो? त्याने तिच्या वह्या जाळल्या तर? दोन आठवड्यांत बाप बिघडला नाही, तर मालिका रद्द.

मुबश्शिरा मिरजेला आली. अब्बा, म्हणजे मोहिद्दीनभाई, ताटात वाढतील ते खात राहिली आणि मनातल्या मनात त्यांच्याकडून वह्या जाळून घेत राहिली. पण जमेना. दर वेळी काडी ओढण्याआधी ते म्हणत, धूर डोळ्यांत जाईल बेटा, जरा लांब बस. चौथ्या दिवशी तिने त्यांच्या तानपुऱ्यांच्या कारखान्यात जाऊन सगळं सांगून टाकलं.

मोहिद्दीनभाईंनी पटाशी खाली ठेवली.

"म्हंजे मी वाईट झालो की तुझं काम होतंय?"

"हो, अब्बा."

"मग लिव्ह की. पर जाळल्या म्हणू नको. हितं लाख, भुसा, लाकूड. हितं कोण काडी वढतंय? हिरीत टाकल्या म्हण."

मुबश्शिराला भरून आलं. पण विहीर खरोखरच चांगली सुचली होती, म्हणून तिने ती आधी टिपून घेतली.

दुपारपर्यंत बातमी गल्लीभर झाली. शेजारच्या धोंडुबाईंनी चाळीस वर्षांत कुत्र्यालासुद्धा हाड म्हटलेलं नव्हतं. त्या येऊन उंबऱ्यातच बसल्या.

"मोहिद्दीन एकटाच दिसणार व्हय लंडनच्या टीव्हीवर? मला बी कायतरी वंगाळ दे. मी तुला कोंडून घातली म्हण."

रिक्षावाले आकाराम यांनी मुलीला पळवून नेण्याची तयारी दाखवली (मीटरप्रमाणे). मागणी वाढल्यामुळे पद्धत ठरवणे भाग पडले. अर्जदाराने आपले नाव, लेखिकेशी नाते व करावयाचा छळ एका कागदावर स्वच्छ अक्षरात द्यावा. एका कुटुंबास एकच छळ मिळेल. एकूण अर्ज आले त्रेसष्ट. पैकी एकोणीस अर्जांतले छळ प्रत्यक्ष केलेले निघाले आणि अर्जदारांनी ते घाईने मागे घेतले. सांगलीतल्या विश्रामबागच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी 'वैचारिक छळ' तीन प्रतींत सादर केला. त्यांनी तो वाचून दाखवताना दोन जण झोपले व एकजण निघून गेला, सबब तो जागच्या जागी मंजूर झाला.

मसुदा रवाना झाला. या वेळचा शेरा एकाच शब्दाचा होता: अस्सल.

मालिका गाजली. पारितोषिक घेताना मुबश्शिराने सांगितलं, की माझे अब्बा असे नाहीत, फार प्रेमळ आहेत. सभागृह उभं राहिलं. एवढं सोसूनही पोरगी बापाला पाठीशी घालते, म्हणून टाळ्या थांबेनात.

गेल्या फेब्रुवारीत मालिका पाहिलेल्या एक इंग्रज बाई तानपुरा घ्यायला मिरजेत आल्या. पाटीवर लेखिकेचंच आडनाव वाचून त्या कारखान्याच्या दारातच थिजल्या. मोहिद्दीनभाई चहा सांगायला उठले होते. बाईंचा चेहरा पाहून त्यांना उमगलं, की आपण हसलो तर लेक खोटी पडते. ते परत बसले. भुवया चढवून त्यांनी धोंडुबाईंवर विनाकारण आवाज चढवला. धोंडुबाईंनीही प्रसंग ओळखून पदर डोळ्यांना लावला. बाई तानपुरा न घेताच, पण पूर्ण समाधानाने परत गेल्या.

मोहिद्दीनभाईंनी लगेच लीड्सला फोन लावला.

"तुझं नाव राखलं बेटा. पर दारात आलेल्या बाईला च्या न देता लावून दिली. लय जड गेलं गं."

मग मुबश्शिराने जे लिहायला घेतलं, त्यात कोणीही कोणाला छळत नाही. निर्मात्या बाईंनी ते विनम्रपणे परत केलं. मराठीत प्रयत्न करून पाहावा, म्हणून तिने ते इकडच्या एका दिवाळी अंकाला दिलं. संपादकांनी कळवलं, की आमची ना नाही, पण वाचकांसाठी बापाला निदान दारू तरी लावा.

तेव्हा, सुखी घराची एखादी गोष्ट शेवटपर्यंत वाचल्याचं ज्या वाचकांना आठवत असेल, त्यांनी नाव-पत्त्यासह कळवावे. शेवटची तारीख ठेवलेली नाही. गर्दी होईल असे वाटत नाही.