मेजरांचं दळण

माझ्या गिरणीत रिकाम्या हातानं येऊन तक्रार करणारं गिऱ्हाईक अख्ख्या साताऱ्यात एकच, भोइटे मेजर. डबा नाही, पिशवी नाही, मूठभर दाणे नाहीत. उंबऱ्यात उभे राहतात, मान तिरकी करतात, डोळे मिटतात आणि डॉक्टरनं छातीला नळी लावावी तसे माझी गिरणी ऐकत राहतात. मग म्हणतात, "बाळू, आज उतरलीय रं."

"काय उतरलंय?"

"गिरणी. जीमधनं खाली आलीय. बाजरी टाकलीस व्हय?"

बाजरीच असते. जी म्हणजे एक सूर. पेटीवरची पांढरी पाच, असं मला आमच्या भजनी मंडळातल्या पेटीवाल्यानं समजावून सांगितलं. माझी गिरणी गहू दळताना जीमध्ये असते, बाजरीला किंचित खाली येते आणि कुणी तांदूळ आणले की वर चढते, हा शोध मेजरांचा. मी ही गिरणी घेतली तेव्हा मला तिचे दोनच सूर ठाऊक होते, चालू आणि बंद.

साताऱ्यात फौजेतून रिटायर झालेला माणूस मेजरच असतो, मग तो तिथं काहीही असो. भोइटे हवालदार म्हणून परत आले. बंदूक त्यांनी ट्रेनिंगपुरती धरली असेल. बाकीची सगळी नोकरी त्यांनी बेस गिटार धरली, पलटणीच्या बँडमध्ये. शत्रूनं त्यांना कधी पाहिलं नाही. त्याचं त्यांना काही वाटत नाही. "मी हुबा हाय आन् साहेबांची मेमसाब नाचली न्हाई, आसं कवा झालंच न्हाई," हे ते अशा थाटात सांगतात की ऐकणाऱ्यानं सलाम ठोकावा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. साध्या गिटारला सहा तारा असतात आणि ती वाजवणाऱ्याकडे लोक बघतात. बेस गिटारला चार जाड तारा असतात आणि ती वाजवणाऱ्याकडे कुणी बघत नाही. तो गाण्याच्या तळाशी धुम् धुम् करत असतो. ते धुम् धुम् बंद पडलं की लोकांना वाटतं, लाईट गेली की काय.

मेजरांना मात्र गाण्यात दुसरं काही ऐकूच येत नाही. लग्नात, वरातीत, चहाच्या टपरीवर गाणं लागलं की ते माझा दंड धरतात. "खालचं ऐक रं, खालचं!" मी विचारतो, गाणं कुठलं? "गाणं ठाऊक न्हाई." गाणारी कोण? "कोनतर बाई हाय. तू खालचं ऐक." एकदा लोणंदला जाणाऱ्या एका एसटीच्या इंजिनाचा आवाज त्यांना पसंत पडला. काहीही काम नसताना ते लोणंदपर्यंत बसून गेले. परतीला दुसरी गाडी मिळाली म्हणून घुश्श्यातच उतरले. "फाटका सूर. वाटभर दात आंबलं."

त्यांची गिटार बघण्यासारखी आहे. काळी कुळकुळीत, जड. एका कार्यक्रमाहून परत येताना टेम्पोत तिच्यावर जनरेटर कलंडला आणि तिची मान मोडली. गिटार दुरुस्त करणारे सगळे म्हणाले, टाकून द्या. मेजरांनी ती मिरजेला एका तंबोरे करणाऱ्या कारागिराकडे नेली. त्यानं मान जोडली, आणि ती अशी जोडली की आज सांधा सापडत नाही. पण हाताला तंबोऱ्याची सवय. राहवेना म्हणून त्यानं सांध्याभोवती पांढरी वेलबुट्टी काढून दिली. एखाद्या मिशाळ पैलवानानं गळ्यात मोत्यांचा सर घालावा तशी ती गिटार आता दिसते. कुणी हसलं की मेजर म्हणतात, "हसू नगा. जखमेवर मेडल हाय त्ये."

कॉलेजची दोन पोरं एकदा त्यांना भेटायला आली होती. पोरांच्या शर्टावर कुठल्या तरी परदेशी गिटारवाल्याचं केस पिंजारलेलं डोकं होतं. त्यांनी विचारलं, "अंकल, तुमचा फेवरेट गिटारिस्ट कोण?"

"कुंभार."

"कोण कुंभार?"

"सांगलीचा. टायरच्या दुकानात पंक्चर काढायचा."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मेजर शांतपणे म्हणाले, "तुमच्या शर्टावरचा भारी आसंल. पर माज्या शेजारी हुबा न्हाई ना ऱ्हायला त्यो कवा."

हा कुंभार मेजरांच्या ऑर्केस्ट्रातला गिटारवाला. रिटायर झाल्यावर मेजरांनी चौघांचा ऑर्केस्ट्रा काढला होता. ते स्वतः, सांगलीचा कुंभार, एक ड्रमवाला आणि एक गाणारा. त्यांच्या तालमीसाठी म्हणून मेजरांनी माझ्या गिरणीला लागून असलेला गाळा विकत घेतला. ऑर्केस्ट्रा केव्हाच मोडला. गाळा तसाच राहिला. त्यात एक खुर्ची, एक स्पीकरचा डबा आणि मेजर.

आता माझं दुखणं सांगतो.

मी लोणंदच्या बाजारात कांद्याची पोती उचलून वर आलेला माणूस. कुणी हात दिला नाही, मीही मागितला नाही. भाव करणं माझ्या हाडात आहे. माझ्या लग्नात मी सासऱ्यांच्या मांडववाल्याशी भाव केला होता, तोही सासऱ्यांना न विचारता. असा मी, आणि हा माणूस मला तो गाळा देत नाही. माझ्या गिरणीत पोती ठेवायला जागा नाही, बायका डबे घेऊन रस्त्यावर उभ्या राहतात, आणि भिंतीपलीकडे एवढी जागा एका खुर्चीसाठी! मी विकत मागितला. बदल्यात वरच्या मजल्यावरचा मोठा गाळा देऊ केला. त्यांच्या मेहुण्याला मध्ये घातलं. एकदा तर रागानं त्यांच्या दारात पिठाचा डबा आपटला आणि वर सांडलेलं पीठ स्वतःच झाडून काढलं. दर वेळी मेजरांचं उत्तर एकच.

"तुजी गिरणी हाय ना शेजारी. मग?"

मी गाळ्याचं विचारावं आणि त्यांनी गिरणीचं सांगावं. असल्या माणसाशी सौदा करायचा कसा?

बरं, शेजारी गप बसावं, तर तेही नाही. सकाळी मी खटका दाबला की पलीकडे त्यांची गिटार सुरू. तो आवाज कानाला येत नाही, भिंतीतून पायात येतो. पायातून माझ्या वजनकाट्यात शिरतो. काट्यावरचे लाल आकडे थरथरायला लागतात. कदमकाकू चार बायकांत ओरडतात, "आवं बाळासाहेब, माजं पीठ आपसूक नाचतंय का तुमी नाचवताय?" प्रामाणिक माणसाची अशी अब्रू जाते.

शेवटी माझं डोकं फिरलं. गाळा मिळत नाही ना? मग गिरणीच लहान करतो. मी नवं मशीन आणलं. कपाटाएवढं, चकचकीत, दगड नाही, पट्टा नाही. जुनी गिरणी खोलून दारात ताडपत्रीखाली ठेवली. ती मेढ्याच्या एका माणसाला द्यायचं ठरलं. शनिवारी तो टेम्पो घेऊन येणार होता.

नवं मशीन दळतं बारीक, पण किंचाळतं. शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा वरचा सूर लावतं आणि सोडत नाही. ते सुरू झालं त्या दिवशी पलीकडून दोनदा धुम् धुम् झालं. मग थांबलं. दुसऱ्या दिवशी काहीच नाही.

माझी बायको सुमन म्हणाली, "भिंत गप झाली की वं."

"बरं झालं. काटा तरी जागेवर आला."

काटा खरंच जागेवर आला. आकडे खिळ्यानं ठोकल्यासारखे. कदमकाकू पीठ घेऊन मुकाट्यानं गेल्या. मी खूश होतो. फक्त अधूनमधून काट्यावर टिचकी मारून बघत होतो, बंद तर पडला नाही ना.

शुक्रवारी संध्याकाळी मेजर आले. इस्त्रीचा शर्ट, फौजेतला पट्टा, दाढी गुळगुळीत. उंबऱ्यात थांबले नाहीत, थेट आत आले आणि माझ्या पुढ्यात काट्यावर किल्ली ठेवली.

"बाळू, गाळा घे."

समोरचा आधी बोलला की आपण गप बसायचं, हे मी लोणंदला शिकलो. मी गप बसलो.

"भाव तू बोल. म्या काय बोलत न्हाई. एकच हाय, जुनी गिरणी मेढ्याला धाडायची न्हाई. हितंच चालवायची. हाय तशी."

"आवं मेजर, गाळा दिल्यावर तुमी वाजवणार कुठं?"

"तुज्या पोत्यांवर बसंन. न्हाईतर भायेर पायरीवर. मला जागा नको रं." त्यांनी दाराकडे, ताडपत्रीकडे बोट केलं. "मला ती पायजे."

"त्या खटाऱ्याचं काय करायचं तुमाला?"

मेजर खाली बघत पट्ट्याचं बक्कल सारखं करायला लागले. "तुला ठाऊक न्हाई. गिटारवाला एकटा बसला तरी वाजवतो. लोकं ऐकत्यात. बेसवाल्यानं एकट्यानं काय करायचं? खालचं वाजवायचं, पर कुनाच्या खाली?"

मी स्टूल त्यांच्याकडे सरकवलं. ते बसले नाहीत.

"आमी चौघं हुतो. ड्रमवाला गेला. गाणारा पोरीकडं पुण्याला जाऊन ऱ्हायला. कुंभाराचा उजवा हात लकव्यानं लुळा पडला. फोन केला तर नुसतं हुं हुं करतो, बोलणं येत न्हाई त्येला आता. म्या गिटार इकायला काढली हुती, बाळू. आन् एक दिस सकाळी तू खटका दाबलास. गहू हुता. म्या सहज तार छेडली, तर जी. बराबर जी." त्यांनी मान वर केली. "तवापास्नं तू रोज खटका दाबलास का मला वाटायचं, आली मंडळी."

मला राग आला. कशाचा, ते अजून कळलेलं नाही. इतकी वर्षं मी ज्या गाळ्यासाठी डोकं फोडलं तो काट्यावर पडला होता, माझ्या भावानं. वर काही बोलायचीही गरज नव्हती, नुसती किल्ली उचलायची.

"ती किल्ली खिशात घाला आधी!" मी एवढ्या जोरात ओरडलो की सुमन आतून बाहेर आली. "भाव करायची ही रीत हाय व्हय? पयल्यांदाच सगळं टाकून मोकळं? फौजेत तुमाला कुणी काय शिकवलं का न्हाई?"

मेजर दचकून सावधानमध्ये उभे राहिले.

"गाळा नको मला. पुढची अर्धी जागा द्या. हे किंचाळणारं मशीन तिकडं नेतो. जुनी परत हितं बसवतो. मागच्या अर्ध्यात तुमची खुर्ची. मान्य?"

मेजरांच्या डोळ्यांत पाणी आलं असं मला वाटलं. पण माणूस मोठा वस्ताद. किल्ली खिशात गेल्याबरोबर त्यांचा आवाज बदलला.

"आन् भाडं?"

"भाडं कसलं? गिरणी ठेवतोय ना!"

"गिरणी तर तुजीच हाय. भाडं येगळं. सांच्याला दळण संपलं तरी गिरणी चालू ठेवायची. चार गाणी हुईस्तवर."

"एक."

"चार."

"मेजर, लाईटबिल मी भरतो! एक."

सुमन दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती. भरपूर आरडाओरडा झाला. शेवटी दोन गाण्यांवर सौदा ठरला. मेढ्याच्या माणसाला मी फोन केला, आणि त्यानं मला जे काय ऐकवलं ते मी आयुष्यात फक्त दुसऱ्यांना ऐकवत आलो होतो.

आता जुनी गिरणी जागेवर आहे, आकडे पुन्हा थरथरतात आणि कदमकाकू पुन्हा ओरडतात. पलीकडे नवं मशीन किंचाळतं आणि त्याच्या मागे मेजर खुर्चीवर बसून वाजवतात. त्या मशीनला त्यांनी 'कुंभार' नाव ठेवलंय. "आज कुंभार लय वर चढलाय रं," म्हणतात. एकदा त्यांनी सांगलीला फोन लावून मोबाईल मशीनपुढे धरला. "ऐक, गड्या! तुजी जागा भरलीया. पर तुजी सर न्हाई!" मी ऐकत होतो. पलीकडून हुं हुं आलं, मग ते हुं हुं लांबलं, गाण्यासारखं वरखाली झालं. मेजर मोबाईल तसाच धरून उभे राहिले. मशीन बंद कर, असं त्यांनी मला हातानं खुणावलं आणि डोळे मिटले. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना वरचं ऐकताना बघितलं.

माझी तक्रार अजून आहेच. समोरचा माणूस पुरा गाळा देत असताना अर्धा घेणारा मूर्ख लोणंदच्या बाजारात सापडायचा नाही. आणि भाड्याचंही मी नीट बघितलं नव्हतं. दगडाची गिरणी रिकामी फिरवता येत नाही, दगडावर दगड घासून दोन्ही जातात. फिरवायची तर वरून काहीतरी टाकावं लागतं.

काल संध्याकाळी शेवटचं गिऱ्हाईक गेलं. सुमननं शटर ओढायचा आकडा हातात घेतला आणि मी घरच्या ज्वारीचं माप वर ओतताना तिला दिसलो. तिनं आजूबाजूला पाहिलं. एकही डबा उरलेला नव्हता.

"आता हे कुणाचं?"

"मेजरांचं."

खानावळीच्या डब्यावर जेवणाऱ्या माणसाचं दळण कुठून आलं, हे तिनं विचारलं नाही. भिंतीतून धुम् धुम् सुरू झालं होतं. काट्यावर काहीच नव्हतं, तरी आकडे हलत होते.

"किती हाय?" तिनं विचारलं.

"दोन गाण्यांचं."

तिनं माझ्या हातातलं माप घेतलं, ज्वारीच्या पोत्यात घालून काठोकाठ भरलं आणि वर ओतलं.

"तीनचं हुंद्या," म्हणाली.