परबकाकांचा बरखास्तीचा ठराव

परबकाका दर रविवारी सकाळी आमच्या घाटकोपरच्या टेकडीवर दरड कोसळवतात. तोंडाने. "दरड इली! दरड इली!" अशी मालवणी आरोळी उठली, की अख्ख्या चाळीने खालच्या मैदानात पळायचं. एकट्याने नाही. प्रत्येकाला काकांनी एक शेजारी वाटून दिलाय. आधी त्याचं दार ठोकायचं, त्याला बाहेर काढायचं, मग आपण.

माझ्या वाट्याला म्हात्रेकाकू. "तव्यावर सुरमई आहे गं, दरडीला सांग जरा थांब!" मागच्या रविवारी त्या तव्यासकट उतरल्या. काकांनी त्यांना तिथल्या तिथे मृत घोषित केलं. मृत काकूंनी उभ्या उभ्या सगळ्यांना तुकड्या वाटल्या. काकांनीही दोन खाल्ल्या.

काकांचा लाडका शब्द 'बरखास्त'. चहा गार झाला, चहा बरखास्त. क्रिकेटमध्ये हरलो, संघ बरखास्त. मांजर दूध प्यायली, मांजर बरखास्त. संध्याकाळी तिची पुन्हा भरती. पण खरा राग देशाच्या आपत्ती दलावर. म्हणून मी चाळीच्या मंडळाच्या खोलीत जाहीर वाद ठेवला: दल सुधारावं की बरखास्त करावं?

मी पत्रकं वाटली, टेबलावर मूठ आपटली. "दल जनतेचं आहे! ते वस्तीवस्तीत आणा, इथल्या पोरांना शिकवा, दलाला जाब विचारा. मोडीत काढून कुणाचं भलं होणार?"

काका उठले. "गो चेडवा, त्यांची गाडी आमच्या पायऱ्या चढतली? दिल्लीच्या माणसाक ठावक आसा, म्हात्रीण खय झोपता ता?"

"परबा, शरम बाळग जरा!" काकू ओरडल्या. खोली हसून लोळली.

"शेजारी धावता तोच खरो. दल बरखास्त!" काकांनी जाहीर केलं. टाळ्या, शिट्ट्या. माझी पार वाट लागली.

मी चिडून विचारलं, "मग तुमच्या दारावर कोण धावणार, काका?"

"माज्या?" काका थबकले. "आरोळी मीच देतंय ना! मी जागोच आसतंय."

"आणि तापाने फणफणून पडला असलात तर?"

सगळी चाळ वाटून देताना काकांनी स्वतःला कुणाच्याच वाट्याला दिलं नव्हतं. इतक्या रविवारांत आमच्यापैकी एकालाही ते सुचलं नव्हतं.

मतं हात वर करून घेतली. बरोबरीत अडकली. राहिले फक्त काका. त्यांनी हात वर केला, सुधारणेच्या बाजूने.

"ओ काका, पलटी?" पोरं ओरडली.

"तुमका शेजारी आसत," काका खाली बघत म्हणाले. "वाटणीत जो उरता, त्याच्यासाठी कोणीतरी येवक व्हयो ना."

माझा ठराव एका मताने जिंकला. घोषणा तयार होती. ती न देताच मी खाली बसले.

काकू उठल्या. "परबाच्या दारावर यापुढे मी. आणि कडी लावून झोपलास तर दार मोडीन, मेल्या!"

काका घाईघाईने खुर्च्या गोळा करायला लागले. ज्यांवर माणसं अजून बसलेली होती, त्यासुद्धा.